गोल्फमधील सहज स्विंगच्या शिक्षणाचा इतिहास : अर्नेस्ट जोन्स यांच्या पद्धतीच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

क्रीडाविषयक इतिहासलेखन बहुतांशी स्पर्धा, विक्रम आणि खेळाडूंची चरित्रे यांभोवती फिरत असते. खेळ शिकवला कसा गेला, एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती कोणते कौशल्य कोणत्या शब्दांत दिले, हा प्रश्न त्यामानाने मागे राहतो. वस्तुतः शिकवण्याच्या पद्धतीत त्या त्या काळाची ज्ञानविषयक धारणा जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती विजेत्यांच्या याद्यांत दिसत नाही. या दृष्टीने गोल्फ हा खेळ विशेष अभ्यसनीय ठरतो. क्रिकेटमध्ये चेंडू फलंदाजाकडे येतो आणि विचार करण्यास त्याला अवधीच देत नाही. विटीदांडूतही विटी हवेत उडाली की दांडू आपोआप फिरतो. गोल्फचा चेंडू मात्र जमिनीवर निश्चल पडलेला असतो. खेळाडू त्याच्याजवळ उभा राहतो, त्याला हवा तितका वेळ असतो, आणि नेमका हा मोकळा वेळच त्याचा शत्रू होतो. कोपर कोठे असावे, मनगट केव्हा वळवावे, डोके हलले काय, डावी टाच किती उचलावी, असे प्रश्न त्या अवधीत मनात दाटून येतात आणि काठी खाली येईपर्यंत सर्व शरीर आखडून गेलेले असते.

काठी मागे नेऊन पुन्हा चेंडूवर आणण्याच्या या क्रियेस सर्वत्र ‘स्विंग’ असेच म्हटले जाते. मराठीत त्यास झोका म्हणता येईल. परंतु रूढ शब्द स्विंग हाच असल्याने येथे तोच योजिला आहे. इंग्रजीत काठी आणि संस्था या दोहोंसही क्लब हाच शब्द असल्यामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी खेळण्याच्या साधनास काठी, तिच्या लांब भागास दांडी आणि चेंडूवर आदळणाऱ्या टोकास शीर्ष असे येथे म्हटले आहे. साधा, सैल, सहज स्विंग शिकवता येतो काय, आणि येत असल्यास तो शरीराच्या अवयवांची नावे घेऊन शिकवावा की काठीच्या शीर्षाकडे बोट दाखवून, या वादाचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अनुकरणाकडून छायाचित्राकडे

एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये गोल्फ शिकवण्याचे शास्त्र असे काही नव्हते. सेंट अँड्र्यूज, मसलबरा, कार्नूस्टी यांसारख्या किनारी गावांत मुले वडीलधाऱ्यांच्या काठ्या वाहत, त्यांचे पाहत आणि मोडक्यातोडक्या काठ्यांनी तसेच करून बघत. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला, पूर्वीच्या पिसे भरलेल्या चामडी चेंडूपेक्षा तो पुष्कळच स्वस्त पडला आणि खेळणाऱ्यांची संख्या वाढू लागली. शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत इंग्लंडमधील मध्यमवर्ग या खेळाकडे वळला. हे लोक तिशी-चाळिशीत खेळ सुरू करणारे होते. बालपणीचे अनुकरण त्यांच्या वाट्यास आलेले नव्हते. त्यांना पुस्तक हवे होते. गोल्फच्या मार्गदर्शनपर ग्रंथांची बाजारपेठ अशी निर्माण झाली.

या ग्रंथांपैकी सर वॉल्टर सिम्पसन यांचे १८८७ मधील ‘द आर्ट ऑफ गोल्फ’ हे पुस्तक दोन कारणांनी लक्षणीय आहे. साहित्याच्या वाचकांना सिम्पसन हे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या नौकाप्रवासातील सोबती म्हणून ठाऊक असतील. स्विंगची छायाचित्रे छापणारे हे गोल्फवरील अगदी आरंभीचे पुस्तक. त्याच पुस्तकात या छायाचित्रांच्या उपयोगाविषयी शंका उत्पन्न करणारा विचारही मांडलेला आहे. चेंडू मारणे एवढीच या खेळातील एकमेव निरपवाद आज्ञा असून बाकीच्या कोणत्याही नियमास तसा दर्जा नाही, असे सिम्पसन यांचे प्रतिपादन होते. फटका मारण्याच्या क्षणी तो कसा मारावा याचा विचार करणारा खेळाडू बिघडतो, हे त्यांनी निरीक्षणावरून ओळखले होते. एकाच जिल्दीत रोग आणि त्यावरील औषध यांचे असे सहवास्तव्य क्वचितच आढळते.

पुढील वीस वर्षांत मात्र छायाचित्राची सरशी झाली. जॉर्ज बेल्डम यांनी १९०४ मध्ये ‘ग्रेट गोल्फर्स : देअर मेथड्स अ‍ॅट अ ग्लान्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. क्रिकेटरसिकांना हे नाव अपरिचित नाही. पुढे सरसावून फटका मारू पाहणाऱ्या व्हिक्टर ट्रम्पर यांचे सुप्रसिद्ध छायाचित्र त्यांचेच. बेल्डम यांच्या जलद कॅमेऱ्याने हॅरी व्हार्डन, जे. एच. टेलर, जेम्स ब्रेड या तत्कालीन अग्रगण्य व्यावसायिकांच्या स्विंगमधील एकेक क्षण गोठवून दाखवला. वाचकास प्रथमच कोपराचा कोन, गुडघ्याचा वाक, मनगटाची वळण निवांतपणे न्याहाळता येऊ लागली. या सोयीची किंमतही मोजावी लागली. स्विंग ही वाहती क्रिया आहे. छायाचित्रात ती ‘स्थिती’ बनते. व्हार्डन त्या स्थितीतून जात होते, तेथे थांबत नव्हते. परंतु शिकणारा आरशासमोर उभा राहून ती स्थिती धारण करू लागला. ‘हात येथे, पाय तेथे’ या स्वरूपाचे अध्यापन कॅमेऱ्यापूर्वी अगदीच नव्हते असे नाही. पण त्यास प्रामाण्य मिळाले ते कॅमेऱ्यामुळे.

व्हार्डन यांची स्वतःची रीत याच्या अगदी उलट होती, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. १८७० मध्ये जर्सी बेटावर जन्मलेल्या आणि ब्रिटिश ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकणाऱ्या या खेळाडूचा स्विंग सैलपणाचा आदर्श मानला जाई. १९०५ मधील ‘द कम्प्लीट गोल्फर’ या ग्रंथात त्यांनी पोशाखासंबंधीही सल्ला दिला आहे : कमरेचा पट्टा नको, विजारीस खांद्यावरून जाणारे पट्टे असावेत, आणि खेळताना कोट अंगावर असावा. आजच्या वाचकास हे गमतीचे वाटेल. त्यामागे अनुभव मात्र होता. कोटामुळे खांदे एकत्र बांधल्यासारखे राहतात आणि हातांस वेगळी हालचाल करण्यास फारसा वाव उरत नाही. शरीराचे नियमन शब्दांवर न सोपवता ते कपड्यांकडे देण्याचा हा प्रकार होय.

अर्नेस्ट जोन्स : गमावलेला पाय

सहज स्विंगच्या पक्षास सिद्धान्ताचे रूप दिले ते अर्नेस्ट जोन्स या इंग्रज व्यावसायिकाने. १८८७ मध्ये जन्मलेले जोन्स लंडननजीकच्या चिझलहर्स्ट येथील क्लबात व्यावसायिक म्हणून काम करीत. सिम्पसन यांचे पुस्तक त्यांनी वाचले होते आणि त्यातील एकमेव आज्ञेच्या कल्पनेने त्यांच्या मनाची पकड घेतली होती. सहकारी व्यावसायिक शिकवताना शिष्यास जितक्या सूचना देतात, तितक्या स्वतः खेळताना ते मुळीच पाळत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले होते. परंतु या तर्काची कसोटी त्यांच्याच शरीरावर लागेल, अशी कल्पना कोणास असणे शक्य नव्हते.

पहिल्या महायुद्धात जोन्स सैन्यात दाखल झाले. मार्च १९१६ मध्ये फ्रान्समधील आघाडीवर ते जखमी झाले आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गोल्फच्या तत्कालीन सिद्धान्तानुसार त्यांचा खेळ येथे संपावयास हवा होता. कारण शरीराचा भार उजव्या पायावर नेणे, मग तो डाव्या पायावर आणणे, हा बहुतेक पुस्तकांचा मूलाधार होता. प्रत्यक्षात काही महिन्यांतच ते कुबड्या घेऊन रॉयल नॉर्विच येथील मैदानावर उतरले आणि एका पायावर उभे राहून त्यांनी ८३ फटक्यांत अठरा खळगे पुरे केले. त्यानंतर क्लॅक्टन येथे त्यांनी ७२ फटक्यांत फेरी पूर्ण केली. दोन्ही पाय शाबूत असलेल्या बहुसंख्य हौशी खेळाडूंना ७२ हा आकडा आयुष्यात एकदाही गाठता येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे महत्त्व उमगते.

जोन्स यांनी यातून काढलेला निष्कर्ष असा : पायांची, कमरेची, खांद्यांची हालचाल ही स्विंगचे कारण नसून परिणाम आहे. काठीचे शीर्ष कोणत्या मार्गाने आणि कोणत्या प्रकारच्या गतीने जावे, हे मनात पक्के असेल तर शरीर आपल्याजवळ जे काही शिल्लक आहे त्यातून ती गती साधून घेते. एक पाय नसला तर ते दुसऱ्या उपायाने साधते. डॅरिन हॅमंड यांनी १९२० मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली आणि जोन्स यांचे नाव प्रथमच पुस्तकाच्या शीर्षकात आले.

या पद्धतीचे सर्वांत बोलके साधन म्हणजे एक हातरुमाल आणि एक खिशातला चाकू. रुमालाच्या टोकास चाकू बांधून जोन्स तो झुलवून दाखवीत. रुमाल ढकलता येत नाही, दाबता येत नाही. त्याला केवळ झुलवता येते. हाताने घाई केली की रुमाल सैल पडतो आणि चाकू भरकटतो. मग ते रुमाल आणि काठी एकाच मुठीत धरीत. काठी खरोखर झुलत असेल तर चाकू आणि काठीचे शीर्ष बरोबरीने जातात. खेळाडूने काठीला तरफेसारखा जोर लावला की दोहोंची फारकत होते. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्या राखणदारास हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज पडली नसती. गोफणीची दोरी ताठ राहते ती दगडाच्या ओढीने. मूठ आवळून ती ताठ करता येत नाही. जोन्स यांचा आग्रह नेमका हाच होता. बोटांनी काठी धरावी, शीर्षाचे वजन हाताला जाणवावे, ती जाणीव फटका संपेपर्यंत टिकावी. हाताच्या स्नायूंनी जोर धरला की ती तत्क्षणी नाहीशी होते.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहणे आवश्यक आहे. जोन्स यांचा एका पायाचा खेळ हा त्यांच्या सिद्धान्ताचा निर्णायक पुरावा म्हणून वारंवार सांगितला जातो. परंतु पाय गमावण्यापूर्वीच ते कसलेले व्यावसायिक होते. मुरलेले कौशल्य शरीराच्या मोठ्या हानीनंतरही तग धरते, एवढेच या घटनेने सिद्ध होते. ज्याने काठी कधी हाती धरली नाही त्याला ‘शीर्ष झुलव’ एवढ्या एकाच सूचनेवर खेळ येईल काय, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. ते शोधायचे तर त्यांच्या शिष्यांकडेच पाहावे लागते.

१९२१ मधील अमेरिकी महिला हौशी विजेत्या मॅरियन हॉलिन्स यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथे केवळ स्त्रियांचा असा गोल्फ व टेनिस क्लब स्थापन झाला होता. त्यांच्या निमंत्रणावरून जोन्स १९२४ च्या सुमारास अमेरिकेस गेले. पुरुषांच्या क्लबांत स्त्रियांना ठरावीक वेळीच मैदान मिळत असे. अशा काळात स्त्रियांनी स्वतःसाठी उभारलेल्या संस्थेत या पद्धतीस आश्रय मिळाला, ही बाब योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पुरुषांच्या पुस्तकांतील स्विंग अंगबळ गृहीत धरणारा होता. जोन्स यांच्या स्विंगला बळापेक्षा वेळेचे भान लागत असे. त्यांच्या शिष्यांपैकी व्हर्जिनिया व्हॅन वी यांनी १९३२, १९३३ आणि १९३४ अशी सलग तीन वर्षे अमेरिकी महिला हौशी अजिंक्यपद मिळवले. जोन्स यांनी पुढे न्यूयॉर्कच्या पाचव्या ॲव्हेन्यूवरील एका इमारतीत शिकवण्याची खोली थाटली. तेथे मैदान नव्हते आणि चेंडू कोठे जातो हे दिसतही नव्हते. शिकण्यासारखे होते ते केवळ काठीचे झुलणे.

त्यांच्या पद्धतीविषयी गोल्फच्या वर्तुळात एक आख्यायिका प्रचलित आहे. ही पद्धत सर्वत्र स्वीकारली तर शिकवण्या पुरेशा विकल्या जाणार नाहीत, कारण ती फारच सोपी आहे, असे व्यावसायिकांच्या एका बैठकीत बोलले गेले म्हणतात. पुरावा म्हणून अशा आख्यायिकेचा उपयोग करता येणार नाही. तथापि ती टिकून राहिली, यावरून ज्ञान आणि उदरनिर्वाह यांच्या संबंधाविषयी खेळाडूंच्या मनात कोणता संशय होता याची कल्पना येते. जोन्स यांनी १९३७ आणि १९५२ मध्ये आपली पद्धत पुन्हा पुस्तकांतून मांडली. दुसऱ्या पुस्तकाचे ‘स्विंग द क्लबहेड’ हे नावच त्यांचा संपूर्ण उपदेश होते. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

पोलादी दांडी आणि सूचनांचा सुकाळ

जोन्स यांचे पुस्तक प्रसिद्ध होत असतानाच वारे मात्र उलट दिशेने वाहू लागले होते. त्यामागील पहिले कारण तांत्रिक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी काठीची दांडी हिकरी नावाच्या चिवट लाकडाची असे. ही दांडी वाकत असे आणि पीळही खात असे. जोराने ओढल्यास शीर्ष मागे राहून वेडेवाकडे येई. म्हणून तिच्याशी सबुरीने वागावे लागे. सैल स्विंग ही त्या काळी केवळ शैली नव्हती, साधनाची अट होती. पोलादी दांडीस अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या मध्यास आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये मान्यता मिळाली. पोलाद पीळ खात नाही. त्यामुळे कंबर आणि पाय यांचा जोर सरळ काठीत उतरवणे शक्य झाले, आणि शिक्षकांचे लक्ष हातांकडून धडाकडे वळले.

या संक्रमणाच्या उंबरठ्यावर बॉबी जोन्स उभे होते. अर्नेस्ट जोन्स यांच्याशी त्यांचे नाते केवळ आडनावाचे. अटलांटातील ईस्ट लेक क्लबात कार्नूस्टीहून आलेले स्ट्युअर्ट मेडन हे व्यावसायिक होते. लहानग्या बॉबीने त्यांच्या मागे मागे फिरून त्यांचा स्विंग उचलला. १९३० मध्ये चारही प्रमुख स्पर्धा एका वर्षात जिंकून त्यांनी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती पत्करली, आणि १९३१ मध्ये ‘हाऊ आय प्ले गोल्फ’ ही बारा लघुचित्रपटांची मालिका पडद्यावर आणली. स्वतः पाहून शिकलेला खेळाडू आता लक्षावधींना दाखवून शिकवू लागला. चित्रपट हे माध्यम छायाचित्रापेक्षा या खेळास जवळचे होते, कारण त्यात क्रिया वाहती राहते. मात्र तो मंदगतीने दाखवण्याची सोय हाती येताच तिचा वापर पुन्हा क्रियेचे तुकडे करण्याकडेच अधिक झाला.

विश्लेषणाच्या परंपरेचा कळस म्हणजे बेन होगन. १९४९ मधील भीषण मोटार अपघातानंतर डॉक्टरांना ज्यांच्या चालण्याचीही शाश्वती वाटत नव्हती, त्या होगन यांनी १९५० मध्ये अमेरिकी ओपन जिंकली. म्हणजे शरीराची मोडतोड सोसून परतलेला हा दुसरा साक्षीदार. पण त्याची साक्ष अगदी वेगळी आहे. १९५७ मधील ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकात बोटांवरील दाबाच्या जागा, कोपरांची ठेवण, कमरेच्या वळणाचा आरंभ यांचे अत्यंत काटेकोर वर्णन आहे. अँथनी रॅव्हिएली यांची शरीरशास्त्राच्या आकृत्यांसारखी रेखाचित्रे त्यास जोडलेली आहेत. खांद्यांवर तिरपी टेकवलेली काच आणि तिच्यातून वर निघालेले खेळाडूचे डोके, हे त्यातील चित्र पुढच्या दोन पिढ्यांच्या मनावर कोरले गेले. पुस्तकाची योग्यता वादातीत आहे. परंतु होगन यांनी ते ज्ञान वर्षानुवर्षे हजारो चेंडू मारून स्वतःच्या हातांत मिळवले होते, आणि वाचकापर्यंत केवळ त्याचे शब्द आणि चित्रे पोहोचली. आठवड्यातून एकदा खेळणारा हौशी मनुष्य त्या काचेखाली आखडून उभा राहिला, यात आश्चर्य नाही. अशा खेळाडूच्या अवस्थेसच अर्नेस्ट जोन्स विश्लेषणाने आलेला पक्षाघात म्हणत असत. १९६९ मध्ये होमर केली यांनी ‘द गोल्फिंग मशीन’ या ग्रंथात स्विंगचे चोवीस घटक मोजून प्रत्येकाचे प्रकार वर्णिले, तेव्हा ही परंपरा जवळजवळ व्याकरणग्रंथाच्या रूपास पोहोचली होती.

लंबकाची साक्ष

विज्ञान हे विश्लेषणाच्या बाजूने असणार, ही अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु ब्रिटनमध्ये शास्त्रज्ञांच्या गटाने केलेल्या संशोधनावर आधारित आणि ॲलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्स यांनी लिहिलेला ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हा १९६८ मधील ग्रंथ वाचताना वेगळेच चित्र समोर येते. त्यात स्विंगची प्रतिकृती दोन जोडलेल्या दांड्यांची आहे : वरची दांडी म्हणजे खांदे आणि हात, खालची म्हणजे काठी, आणि दोहोंमधील बिजागरी म्हणजे मनगटे. वरची दांडी फिरू लागली की खालची आधी मागे रेंगाळते आणि मग आपल्या वेगाने बाहेर फेकली जाते. बिजागरी मोकळी असेल तरच हे घडते. पकड आवळणे म्हणजे बिजागरी गंजू देणे.

याच ग्रंथातील कालमापन त्याहून महत्त्वाचे आहे. वर गेलेली काठी चेंडूपर्यंत येण्यास साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश सेकंद लागतो. एखादी चूक जाणवून मेंदूने दुरुस्तीची आज्ञा द्यावी आणि स्नायूंनी ती पाळावी, यासही जवळपास तेवढाच वेळ लागतो. शीर्ष आणि चेंडू यांचा स्पर्श तर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता टिकतो. म्हणजेच काठी खाली येऊ लागल्यावर खेळाडूच्या हाती जाणीवपूर्वक करण्यासारखे फारसे उरत नाही. वाटेत आठवलेली कोणतीही सूचना उशिरा पोहोचते. झालेच तर ती नुकसान करते. रुमाल आणि चाकू घेऊन बसलेल्या जोन्स यांना हे आकडे ठाऊक नव्हते, परंतु त्यांचे म्हणणे या आकड्यांशी जुळते.

यानंतर सहज स्विंगचा विचार पुन्हा डोके वर काढू लागला. टिमोथी गॉलवे यांनी टेनिसवरील आपल्या पुस्तकातील मानसशास्त्र १९८१ मध्ये गोल्फला लावले. टेक्सासमधील ऑस्टिन येथे आयुष्यभर शिकवणारे, मूळचे कॅडी असलेले हार्वी पेनिक यांची टिपणवही १९९२ मध्ये ‘लिटल रेड बुक’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि अफाट खपली. त्यात सिद्धान्त थोडा आणि दाखले अधिक आहेत. रानगवत छाटण्याचे लांब दांड्याचे अवजार डावीउजवीकडे फिरवावे, हा त्यांचा एक आवडता सराव. गवत छाटणारा मनुष्य आपल्या कोपराचा विचार करीत नाही. पाते गवताला कोठे लागते तेवढे तो पाहतो.

जोन्स यांच्याबाबत अनुत्तरित राहिलेल्या नवशिक्यासंबंधीच्या प्रश्नास प्रायोगिक उत्तर मिळण्यास १९९९ साल उजाडावे लागले. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी गोल्फ कधीच न खेळलेल्या व्यक्तींचे दोन गट केले. सर्वांना पंधरा मीटर अंतरावरील लक्ष्याकडे चेंडू मारावयाचा होता. पकड, उभे राहणे इत्यादी प्राथमिक माहिती दोन्ही गटांस सारखीच दिली गेली. फरक एवढाच की एका गटास हातांच्या हालचालीकडे लक्ष देण्यास सांगितले आणि दुसऱ्यास काठीच्या लंबकासारख्या हालचालीकडे. सरावाच्या वेळी काठीकडे लक्ष देणारा गट पुढे राहिला, आणि नंतर कोणतीही सूचना न देता घेतलेल्या चाचणीतही तो पुढेच राहिला. एका प्रयोगावरून संपूर्ण वाद निकाली निघत नाही. होगन यांच्यासारख्या खेळाडूस आपला दोष शोधण्यासाठी विश्लेषण लागतेच, आणि चांगल्या शिक्षकासही ते लागते. परंतु शिक्षकाने जाणावयाचे आणि शिष्यास सांगावयाचे या दोन निराळ्या गोष्टी होत. गोल्फच्या पुस्तकांनी पाऊण शतकाहून अधिक काळ या दोहोंची गल्लत केली, असे म्हणण्यास आता आधार आहे.

कॅडींची शाळा

भारतात हा खेळ ब्रिटिशांबरोबर फार लवकर आला. कलकत्त्यातील क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईतील क्लब १८४२ चा. इंग्रजी पुस्तके आणि इंग्रज व्यावसायिक यांच्यापर्यंत पोहोचण्याची मुभा येथे सभासदांना होती. ज्यांनी सभासदांच्या काठ्या वाहिल्या, त्या कॅडींना नव्हती. अनेक क्लबांत कॅडींना मैदानावर खेळण्याची संधी मिळे ती केवळ मैदान बंद असलेल्या दिवशी, तीही कोणाच्या तरी टाकून दिलेल्या काठीने. असे असूनही भारतीय व्यावसायिक गोल्फचा पाया याच वर्गाने घातला. १९६५ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पी. जी. सेठी हे पहिले भारतीय विजेते हौशी खेळाडू होते. त्यानंतर एखाद्या भारतीय व्यावसायिकाने ती जिंकण्यास १९९१ साल उजाडले. ते व्यावसायिक म्हणजे दिल्लीचे अली शेर. १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. २००९ मध्ये बंगळुरूचे सी. मुनियप्पा विजेते झाले. दोघांचीही सुरुवात कॅडी म्हणून झालेली होती.

या शिक्षणाचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. पुस्तक, शिक्षक आणि मैदान नाकारले गेल्यामुळे उरलेली ती वाट होती, आणि त्या वाटेवरून किती गुणी मुले मागेच राहिली असतील याची नोंद कोणत्याही क्लबाच्या दप्तरात असण्याचा संभव नाही. परंतु त्या कामाचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. कॅडीचे पहिले कर्तव्य म्हणजे मालकाचा चेंडू हरवू न देणे. काठी खाली येताना तिचे शीर्ष चेंडूस कसे भिडले आणि चेंडू कोणीकडे उडाला, यावरून नजर ढळली की गवतात शोधाशोध आणि मालकाचे बोल ठरलेले. दिवसाकाठी शेकडो फटके, तेही वर्षानुवर्षे, त्याला असेच पाहावे लागत होते.